माझ्याकडं बघू नका

आमच्या घरी येणाऱ्या पेपरला खिडक्या असतात. मी उठून ओट्यावर येईपर्यंत शेजारच्या नागनाथअप्पांनी त्यातला सगळ्यात चांगला फोटो कापून नेलेला असतो. त्याबरोबर मागच्या पानावरची बातमीही जाते. तक्रार केली की म्हणतात, "बातमी काय सर, उद्या शिळी. फोटू शिळा होत न्हाई."

अप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर अहमदपुरातली माणसं देवळात बसतात, यांनी जुना कॅमेरा घेतला. पेपरातल्यासारखा फोटो काढायला शिकायचं, हा एकच ध्यास. कात्रण घेऊन माझ्या शेजारी बसतात आणि बोट ठेवून दाखवतात. "हे बघा. पुरातून बाई म्हैस ओढायली. कॅमेऱ्याकडं बघाय तिला टाईमच न्हाई. ह्याला म्हणावं फोटू." तेवढं बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. एरवी तो गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, आणि घोडं तिथंच पेंड खातं.

एकदा मी त्यांच्यासोबत मोंढ्यात गेलो. सोयाबीनचा सौदा रंगात आला होता, हमालांच्या पाठीवर पोती होती. अप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं ओरडले, "माझ्याकडं कुणी बघू नका!"

झालं. अख्खा मोंढा वळला. हमालांनी पोती खाली ठेवली. आडत्यानं कॉलर सारखी केली. एक म्हातारा टोपी झटकून सगळ्यांच्या पुढं येऊन सावधान उभा राहिला. अप्पांनी निमूट त्याचा फोटो काढला. अशी सावधान माणसं त्यांच्याकडं पेटीभर आहेत.

"अप्पा, न सांगता काढा की," मी परतताना म्हणालो.

"चोरून? सांगावं तर हुभी राहतात, न सांगता काढाय मन होत न्हाई. लई अवघड इद्या हाय सर."

"मग सोडून द्या ना. नातवंडांचे काढा."

घरी आल्यावर अप्पांनी तिकिटांच्या जुन्या पेटीतून एक पिवळं कात्रण काढलं. लातूरच्या कुठल्याशा दवाखान्यापुढची गर्दी. कोपऱ्यात, पायरीवर एक बाई मान उंच करून लांब कुठंतरी बघत होती. मला ओळखायला वेळ लागला. त्या मंगलाबाई, अप्पांची बायको. मी इथं राहायला येण्याआधीच त्या गेल्या. मला माहीत होत्या त्या भिंतीवरच्या, हार घातलेल्या, सावधान उभ्या.

"तिला दाखवाय गेल्तो तवाचा हाय," अप्पा म्हणाले. "कुणी काढला, आमाला कायबी पत्ता न्हाई. दुसऱ्या दिवशी पेपरात बघितला. भिंतीवर ती फोटूवाल्याकडं बघायली. हितं माझ्याकडं."

मी कात्रण उजेडात धरलं. "तुम्ही कुठं आहात यात?"

"म्या न्हाई त्याच्यात. म्या समोरून चहा घेऊन यायलोय," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. "दोन कप."