येऊंद्या मास्तर

कंडक्टरनं उतारूला ‘कुठं जायचं?’ हे विचारायचं नाही, तर मग विचारायचं तरी काय, सांगा बरं? आमचे थोरले भावजी पौड-पुणे गाडीवर कंडक्टर होते, आणि तेवढं सोडून ते बाकी सगळं विचारायचे. भात झोडून झालं का, म्हैस व्याली का, थोरल्या लेकीची सोयरीक जमली का. पण कुठं जायचं, हे नाही म्हणजे नाही.

आता निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणू नये, ही रीत तुमच्या-आमच्या सगळ्यांच्याच घरी होती. कुठं म्हटलं की काम फिसकटतं, म्हणून म्हातारी माणसं ‘लांब का जवळ?’ असं आडून विचारायची. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. पण ही रीत आपली उंबऱ्यावरची. ती घेऊन कुणी सरकारी गाडीत चढतं का? भावजी चढले.

गळ्यात तिकिटांची पेटी, हातात पंच. टकटक वाजवत पुढं यायचे आणि म्हणायचे, “हं, कितीचं फाडू?”

“मला काय ठावं कितीचं? तुमीच सांगा.”

“तुमी गाव सांगा, मंग मी सांगतो.”

“मंग इचारा की गाव!”

“त्येच तर इचारत न्हाई.”

सगळी गाडी हसायची. एक मी सोडून. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको, लग्न होऊन कासार आंबोलीत आले त्याला वर्षही झालं नव्हतं. डोक्यावरचा पदर ओढून हनुवटीपर्यंत आणायची. त्या वेळी बायकांना पदर होते म्हणून बरं, नाहीतर आमच्यासारखीनं तोंड कुठं घातलं असतं?

गाडी सोडताना बाकीचे कंडक्टर ‘जाऊंद्या!’ म्हणून ओरडायचे. भावजींना ‘जा’ हे अक्षरच चालायचं नाही. ते दोरी ओढून ‘येऊंद्या!’ म्हणायचे. जुन्या ड्रायव्हरला सवय होती. एकदा नवा आला. त्यानं पिरंगुटात ‘येऊंद्या’ ऐकलं आणि गाडी मागं घेतली. भावजी पुन्हा ‘येऊंद्या’, तो आणखी मागं. चहावाल्याचं बाकडं मोडलं तेव्हा कुठं दोघं थांबले. चहावाला कपबशी हातात घेऊन तसाच उभा. त्या दिवसापासून भावजींचं नाव पडलं ‘येऊंद्या मास्तर’. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, “काय गं, येऊंद्या मास्तरांची भावजय ना तू?” घागर अर्धी भरली तरी मी चालू लागायची.

त्यांचं खरं नाव मी आजही घेत नाही. आमच्यात थोरल्या दिराशी बोलायची रीत नव्हती, आणि तेही भावजयीशी थेट बोलायचे नाहीत. पाणी हवं असलं की घरातल्या खांबाकडं बघून म्हणायचे, “पाणी मिळंल का?” मग मी खांबाशी तांब्या ठेवायची. असा आमचा कारभार.

तर पंचमीला मी भूगावला माहेरी निघाले, आणि गाडी नेमकी त्यांची. माझ्याजवळ येऊन उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून. बाकाच्या लोखंडी दांड्याला म्हणाले, “दांड्या, कितीचं फाडू ते इचार.”

शेजारी करवंदवाली धोंडाबाई बसली होती, डोंगरावरच्या वाडीतली. पंचमीला कसली आलीत करवंदं, तिच्या पाटीत रानभाजी होती, पण नाव पडलं ते पडलं. ती म्हणाली, “आरं, ही तुजी भावजय ना?”

“व्हय.”

“मंग तुला ठावं न्हाई व्हय हिचं म्हायार कुटं?”

‘कुटं’ ऐकल्याबरोबर भावजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. पंच खाली पडला, तिच्या भाजीत गेला. मला वाटलं, गाडीचा पत्रा फाटावा आणि मी खाली रस्त्यावर पडावं.

पण ही सगळी सकाळची तऱ्हा. संध्याकाळची त्याहून वाईट. पुण्याच्या स्टँडवर गाडी भरली, ड्रायव्हर चढला, तरी भावजी खालीच. टाचा उंचावून बघत राहायचे. “माजी सकाळची मानसं आली का समदी?” जो सकाळी त्यांच्या गाडीनं गेला, तो संध्याकाळी त्यांच्याच गाडीनं यायला हवा, असं त्यांच्या डोक्यात. एकदा घोटावड्याचा शिंपी आला नाही. लोकांची पोरं रडायला लागली, दूधवाल्यांची रिकामी भांडी वाजायला लागली, भावजी ढिम्म. शेवटी गाडी निघाली. शिंपी दुसऱ्या दिवशी उगवला. मेहुण्याकडं जेवण होतं म्हणे.

“सांगायचं न्हाई व्हय रं!” भावजी त्याच्यावर खेकसले.

“तुमी इचारलं व्हतं का, कुटं चाललास म्हनून?”

पुन्हा हात कानांवर.

असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी स्टँडवर तपासणीचे साहेब आले. गाडी धोंडाबाईसाठी थांबली होती. मी माहेरून पुण्याला जाऊन, देवदर्शन करून परत निघाले होते, पुढच्याच बाकावर होते.

“गाडी कशासाठी थांबलीय?”

“एक म्हातारी यायची हाय, साहेब.”

“गाडी सरकारची आहे, तुमच्या घरची नाही. आणि तुम्ही उतारूला कुठं जायचं ते विचारत नाही, अशी तक्रार आहे. खरंय?”

“व्हय साहेब.”

“आत्ता विचारा. माझ्यासमोर. या बाईंना विचारा.”

आणि साहेबानं बोट केलं ते माझ्याकडं!

भावजयीशी बोलायचं नाही, आणि त्यात तो शब्द. भावजींच्या कपाळावर घाम आला. मी पदराआडून मनात म्हणत होते, विचारा हो एकदाचं, मी भूगाव सांगते, आंबोली सांगते, काशी म्हणाल तर काशी सांगते! पण भावजींनी गळ्यातली पेटी काढली आणि साहेबाच्या हातात दिली.

साहेब काही दुष्ट नव्हता. म्हणाला, “घरी बसा काही दिवस. मग या. मला चार उतारूंना विचारून दाखवा आणि पेटी घेऊन जा.”

तेवढ्यात धोंडाबाई धापा टाकत आली. गाडीत चढून म्हणाली, “मास्तर न्हाई व्हय?”

घरी आमच्या ह्यांनी भावाला शिकवायला घेतलं. “दादा, मानसाला जमत न्हाई तर म्हशीला इचार. ती काय चिडनार हाय? म्हन, कुटं?” म्हैस गोठ्यातून सुटून डोंगराकडं निघालेली. भावजी तिच्यापुढं उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं. मग तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, “न्हाई बाबा. सांजच्याला परत यायची हाय ती.”

हे ऐकून मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. सासूबाईंना आमच्यात आत्याबाई म्हणतात. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, “आत्याबाई, एक शब्द बोलायचा, त्यानं काय जीभ झडणार हाय का? गावात तोंड दाखवायची चोरी झाली.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. “तुला थोरलीचं कुनी सांगितलं न्हाई?”

थोरली म्हणजे भावजींची बायको. ती वारली, एवढंच मला लग्नात सांगितलं होतं.

“वारली न्हाई. त्यो तवा घाटाखाली व्हता, कोकनात. समिंद्राकाठी चार गावं जवळजवळ, त्यांच्यामदी यायची-जायची एक गाडी, तिच्यावर कंडक्टर. एक दिस सकाळी थोरलीच गाडीत चढली, गठुडं घिऊन. ह्यो ऐटीत गेला, पंच वाजवीत, इनोदानं म्हनला, बोला बाई, कुटं? ती हसली. बंदराचं तिकीट घेतलं. उतारली. ती उतारलीच.”

“मंग?”

“मंग काय! गाव म्हनलं पळाली. मी बी म्हनलं. लाजंनं मेलो आमी. ह्याला म्हनलं, पळाली म्हन आन् सोड. तर म्हनतो कसा, आये, ती न्हाई गेली. म्याच कुटं म्हनलो. निगालेल्या मानसाला कुटं म्हनलं तर त्ये परत येत न्हाई, तूच शिकिवलंस ना? तिला कायबी बोलू नगं.”

आत्याबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण खडा काही त्यांच्या बोटाला लागेना.

भावजी साहेबाकडं गेलेच नाहीत. एका सकाळी धुतलेला कोट घालून, भाकरी बांधून निघाले. पुण्याहून घाटाखालची गाडी मिळते. घरात सगळ्यांना कळलं, कुणी विचारलं नाही. मी आणि आत्याबाई पिरंगुटच्या बाजाराला म्हणून त्याच पुण्याच्या गाडीत चढलो. भावजी उतारूसारखे अंग चोरून बाकावर बसले होते, गळा मोकळा मोकळा दिसत होता.

नवा कंडक्टर पुण्याचा. पंच वाजवत आला. “हं काका, कुठं?”

मागून धोंडाबाई म्हणाली, “मुडद्या!” भावजींचे हात कानांकडं निघाले आणि मांडीवर परत आले. कानावर हात ठेवून तरी काय, ऐकू तर आलं होतं.

आणि मग मी उठले. पदर मागं गेला, गेला तर गेला. कंडक्टरला म्हटलं, “त्यांना कासार आंबोलीला यायचंय. तिथलं द्या.”

“बाई, आंबोली मागं राहिली. गाडी पुण्याला चाललीय.”

“म्हणूनच म्हणते. यायचं द्या.”

लोक हसले नाहीत. भावजी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी बाकाच्या दांड्यावर हात ठेवला आणि त्यालाच हळू आवाजात म्हणाले, “दांड्या, धाकलीला सांग. यायची दोन लागतील.”

मी त्याच दांड्याला धरून उभी होते. म्हटलं, “दांड्या, भावजींना सांग. येऊंद्या.”