शकुआक्काचा पिवळा-निळा

निमगाव केतकीत शकुआक्काचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, आणि त्या दुकानातला लाल रंग कायम संपलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं, "आक्का, जरा लालभडक करा." आक्का मशीनकडं बघून सुस्कारा सोडते. "कालच संपला बघा. पिवळा-निळा हाय, करू का?" शेजारीच माझं झेरॉक्सचं दुकान. तिच्या कपाटात लाल शाईच्या सीलबंद बाटल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात, पण शेजारधर्म म्हणून गप्प बसतो.

वाढदिवस असो, बारसं असो, डाळिंबाच्या रोपांची जाहिरात असो, सगळं झगझगीत पिवळ्यावर गडद निळं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "पिवळं हाक मारतं, निळं बसायला सांगतं." एकदा एका आजोबांच्या तेराव्याचा फ्लेक्सही तिनं तसाच छापला. बारामतीचे पाहुणे तो बघून पेढ्यांचा पुडा घेऊनच मांडवात शिरले. घरचे भांडायला आले, तर आक्का म्हणते, "मेल्याव तरी माणूस उठून दिसावा का न्हाय?" आले तसे परत गेले.

तिचे यजमान दत्तूभाऊ कोपऱ्यात बसून फ्लेक्सला कड्या ठोकतात. बोलणं बेताचं. कबड्डी मात्र जीव की प्राण.

यंदा गावचा कबड्डी संघ इंदापूरच्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचला आणि नव्या जर्सीचं काम आक्काकडं आलं. कप्तान सचिन म्हणाला, "आक्का, लालच पायजे. पिवळ्यात आमी कुल्फीवाले दिसू."

"जोर मांडीत असतो रं, कापडात न्हाय."

"मग आमी इंदापुरातनं करून घिऊ."

तो पायरी उतरला तशी आक्का मागं धावली. तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "थांब! फुकट करून देते. पर पिवळा-निळाच घाला. हरलासा, तर जन्मभर लालच छापीन."

पैज गावभर झाली. खरं सांगतो, मी मनातून लालच्या बाजूनं होतो. रोज समोर ते पिवळं बघून माझे डोळे दुखायला लागले होते.

सामना असा रंगला की बसल्या जागी घाम फुटला. पलीकडचा संघ हिरव्या जर्सीत, एकाहून एक दांडगा. शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत. सचिन आत घुसला, एकाला शिवला, आणि चौघांनी त्याला धरला. आक्कानं डोळे मिटले. चौघांना ओढत, मातीत फरफटत तो आला आणि त्याचा हात मधल्या रेषेवर पडला. जिंकलो! पंचांची शिट्टी वाजायच्या आत दत्तूभाऊ टोपी उडवून नाचत होते. माझंही लाल-बिल सगळं विरघळलं, मी घसा फाटेस्तोवर ओरडलो.

दम खाऊन आक्काला चिडवलं, "लाल असता तरी जिंकलोच असतो की."

"जिंकलो असतो," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "पर ह्यांना कळलं नसतं. ह्यांना लाल आन् हिरवं एकच दिसतं, मातीवानी. पिवळं-निळं तेवढं साफ दिसतं. हाफ झाला, बाजू बदलल्या, की ह्यांच्या टाळ्या दुसऱ्याच संघाला. लोक हसायचे. मग ह्ये शेजारच्याच्या हाताकडं बघून टाळी वाजवाय लागले. त्यानं वाजवली की ह्यांनी."

मैदानात दोन्ही संघ एकमेकांच्या गळ्यात पडून पार मिसळून गेले होते. दत्तूभाऊ लहान पोरासारखे ओरडत होते, "शकू, त्यो बघ आपला! त्योबी आपला! आन् त्यो पल्याडचा!"

त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही.