सूत्रांच्या माहितीनुसार बायको बरी आहे

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी बायकोच्या अंगावरचं पांघरूण ओढलं आणि जाहीर केलं, "ऊठ! सहा आठवड्यांत तुला ठणठणीत करून दाखवतो!"

ती उठली. खरं तर हेच धोक्याचं लक्षण होतं. एरवी सकाळी सहाला तिचं पांघरूण ओढणाऱ्या माणसाची बातमी शोकवार्तांच्या पानावर लागली असती. पण ती मुकाट्यानं उठली, तिनं बूट घातले आणि "कुठे जायचं?" एवढंच विचारलं. सामान हलवायला आलेला मजूर 'कपाट कुठे ठेवू?' विचारतो, त्या आवाजात.

माझा आत्मविश्वास उगाच नव्हता. मी अकरा वर्षं एका दैनिकाची आरोग्य पुरवणी काढतो. व्यायाम आणि आहार या विषयांवर मी जेवढा मजकूर नुसता कापला आहे, तेवढा लोकांनी वाचलाही नसेल! बायको दातांच्या कवळ्या बनवते. निदान सात महिन्यांपूर्वीपर्यंत बनवायची. मग एक दिवस ती कामावर गेली नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, आणि तिसऱ्या दिवशी का गेली नाही हे तिलाही सांगता येईना. डॉक्टरबाईंनी नैराश्य असं निदान केलं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि वर म्हणाल्या, "जमेल तसं थोडं चालावं, वेळेवर जेवावं. घाई नको."

'जमेल तसं', 'थोडं' आणि 'घाई नको'. असे शब्द जागेअभावी काढून टाकायची मला सवय आहे.

माझी अडचण काय होती, ते सांगतो. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला तोंडी लावणं म्हणजे दात. बायको कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरी होऊन यायची आणि ताटावर बसल्या बसल्या सुरू व्हायची. "आज एका आजोबांनी कवळी परत आणली. म्हणे, हिच्यात मी हसलो की माझा मोठा भाऊ हसल्यासारखं वाटतं, आणि आमचं बोलणं नाही!" मी म्हणायचो, अगं जेवू दे. गेले सात महिने मी शांतपणे जेवत होतो. इतकी शांतता, की स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा आणि सांगायला कुणी नसायचं. घरातलं माणूस घरातच असावं आणि तरी त्याची वाट बघावी लागावी, यासारखा छळ नाही. स्टेशनवर निदान गाडी किती उशिरा आहे ते सांगतात!

तेव्हा मी अकरा वर्षांची कात्रणं काढली. प्रत्येक लेखानं मन प्रसन्न राहण्यासाठी एकेक पदार्थ वर्ज्य केला होता. कुणी साखर, कुणी पाव, कुणी दूध, कुणी चहा. मी सगळ्या लेखांची बेरीज केली. खाली उरला उकडलेला भोपळा. पाणीही उरलं, पण एका लेखानुसार ते कोमटच हवं होतं.

रोज साडेसहाला ती फिरायला निघायची, सव्वासातला परत. तोवर मी भोपळा उकडायचो. मनगटावर मी तिला पावलं मोजणारं घड्याळ बांधलं होतं. आली की वजन, पावलं, वेग, सगळं वहीत. शेवटचा रकाना 'मनःस्थिती'. आणि गाडी तिथेच अडायची.

"कसं वाटतंय?"

"बरं."

"कालच्यापेक्षा?"

"बरं."

"आणि भोपळा?"

"बरा आहे."

त्या भोपळ्याला बरं म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? मुळीच नाही! एकाच सूत्राची माहिती, तीही हितसंबंध असलेल्या सूत्राची, आम्ही छापत नाही. दोन स्वतंत्र सूत्रांचा दुजोरा हवा. आमच्या धंद्याचा नियमच आहे.

पहिलं सूत्र म्हणजे पलीकडच्या गल्लीत नुकतेच राहायला आलेले निवृत्त पोस्टमास्तर. ते रोज छत्री घेऊन फिरायला जात. "काका, जरा अंतर ठेवून तिच्या मागं राहायचं. चेहरा कसा दिसतो, हसते का, कुणाशी बोलते का, तेवढं कळवा. तिला कळता कामा नये."

"रजिस्टर्ड समजा," काका म्हणाले.

दुसरं सूत्र म्हणजे सासूबाई. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. पहिल्या बसनं यायचं त्यांनी आनंदानं कबूल केलं. "पण बेबी मला ओळखेल हो, जावईबापू!"

"लांब राहा आई. आणि थोडं वेगळं दिसा."

त्या फारच वेगळ्या दिसल्या. काळा गॉगल, सासऱ्यांचा जुना ओव्हरकोट आणि डोक्यावरून नाकापर्यंत गुंडाळलेला मफलर!

या दोघांना मी एकमेकांविषयी अवाक्षरही सांगितलं नाही. सांगितलं की सूत्रं स्वतंत्र कशी राहणार?

पहिल्या आठवड्यात आकडे असे काही सुधारले, की मी वही ऑफिसात नेऊन दाखवली. वेग ताशी साडेतीन किलोमीटरवरून पाचावर! दुसऱ्या आठवड्यात सहा! पावलं दुप्पट! मी पुरवणीच्या पहिल्या पानासाठी मथळासुद्धा करून ठेवला: 'चाला आणि उदासी पळवा.'

फक्त सूत्रांचे अहवाल विचित्र येऊ लागले.

"चेहऱ्याचं नंतर सांगतो," काका फोनवर कुजबुजले. "आधी हे ऐका. तुमच्या बाईंच्या मागावर कुणीतरी आहे. ओव्हरकोट! गॉगल! बाई की बुवा, तेही कळत नाही!"

दहा मिनिटांनी सासूबाईंचा फोन. "जावईबापू, एक छत्रीवाला म्हातारा बेबीच्या मागे असतो. ती वळली की वळतो, ती थांबली की झाडाकडे बघत उभा राहतो. त्या झाडाला एक पान नाही! मी नजर ठेवून आहे."

आता इथे कोणत्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? दोघांना समोरासमोर बसवलं असतं. पण सूत्राची ओळख उघड करायची नाही, हा आमच्या धंद्यातला दुसरा नियम! मी दोघांनाही म्हणालो, "लक्ष असू द्या."

दोघांनीही लक्ष आणखी जवळून द्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात वेग साडेसात झाला. साडेसातला आपण चालणं म्हणत नाही. ती सव्वासातच्या ऐवजी पावणेसातलाच दारात यायची, आत शिरून कडी लावायची आणि दाराला पाठ टेकून उभी राहायची. वजन पाच किलो कमी. झोप नाही. मग एका गुरुवारी तिनं बूटच घातले नाहीत. पलंगाच्या काठावर बसून राहिली.

"काय झालं?"

"बरं वाटत नाही."

तीन आठवड्यांत 'बरं'च्या पुढे पहिल्यांदाच शब्द आले होते, आणि ते हे होते. मी वहीत लिहिलं: व्यायामानं नैराश्य वाढतं. त्याच वहीत, दोन पानं मागे, व्यायामानं नैराश्य जातं असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या!

त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाईंकडे नेलं.  बायको हातांकडे बघत हळूच म्हणाली, "डॉक्टर, माझ्या मागे माणसं असतात. दोन. एकाकडे छत्री आहे. दुसऱ्याला चेहरा नाही."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "कधीपासून दिसतात?"

"फिरायला लागल्यापासून. याला सांगितलं नाही. म्हटलं, आता वेडही लागलं हे कळलं तर..." "हा आधीच इतका भोपळा उकडतो."

डॉक्टरबाईंनी अतिशय मऊ आवाजात तिला नव्या गोळीविषयी सांगायला सुरुवात केली, आणि मी खुर्चीवरून उठलो.

"थांबा! ती माणसं खरी आहेत. मीच लावलीत."

डॉक्टरबाई माझ्याकडे फार कनवाळूपणे बघू लागल्या. "घरच्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे. रुग्णाच्या समाधानासाठी नातेवाईक काहीही कबूल करतात. पण त्यानं मदत होत नाही हो."

"अहो, एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत आणि एक हिची आई!"

"आईला चेहरा नाही?"

"मफलर आहे!"

"याला काही दुजोरा?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मला! मी दोघांनाही फोन करून तातडीनं बोलावलं.

काका छत्री घेऊन आले. पाठोपाठ सासूबाई आल्या, आणि बाहेर गार वारा म्हणून पूर्ण वेषात आल्या. दारातच दोघांची गाठ पडली.

"हाच तो!" सासूबाई किंचाळल्या.

"हीच ती! म्हणजे बाई आहे!" काकांनी छत्री रोखली.

"धरा त्याला, जावईबापू!"

"अहो, आधी हिला धरा! पोलीस बोलवा!"

सासूबाईंनी पर्स फिरवली, काकांनी छत्री उघडून ढाल केली आणि टेबलावरची पाण्याची बाटली डॉक्टरबाईंच्या कागदांवर आडवी झाली. या झटापटीत मफलर सुटला.

"आई?" बायको म्हणाली.

काकांनी छत्री मिटली.

"म्हणजे," बायको एकेक शब्द जोडत म्हणाली, "म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

आणि ती रडायला लागली. सासूबाई गॉगलसकट रडायला लागल्या. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला रडायचं होतं, पण डॉक्टरबाई मी सोबत नेलेली वही चाळत होत्या.

"चहा बंद? अंडी बंद? पाव बंद? हे कुणी सांगितलं?"

"आमच्या पुरवणीत छापून आलंय."

"पावाचं कुणी लिहिलं होतं?"

"तुम्ही. चार वर्षांपूर्वी."

डॉक्टरबाईंनी वही मिटली. "मी 'अति पाव' लिहिलं होतं."

"जागा कमी होती," मी म्हणालो.

"चालण्यानं काहींना बरं वाटतं, काहींना फारसा फरक पडत नाही. यांना काय होईल, ते हळूहळू कळेल," त्या म्हणाल्या. "पण उपाशी माणसाला घाबरवून पळवलं तर काय होतं, यावर मी कधी लेख लिहिलेला नाही. लिहावा लागेल असं वाटलं नव्हतं."

बायकोनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. सात महिने ती माझ्या खांद्याच्या मागे कुठेतरी बघायची. आज थेट बघितलं.

"तू दोन माणसांना विचारलंस. तीन आठवडे," ती म्हणाली. "मला का नाही नीट विचारलंस?"

वाचकहो, ज्याच्याविषयी बातमी आहे त्याचं म्हणणं घ्यायचं, हे आम्ही पहिल्या दिवशी आलेल्या उमेदवारालासुद्धा शिकवतो. मी म्हणालो, "तुझं काय म्हणणं आहे?"

तिनं खूप वेळ घेतला. मी मध्ये बोललो नाही, याची नोंद व्हावी.

"मी एकटी जाईन. वाटलं तर जाईन. जे खावंसं वाटेल ते खाईन. आणि परत आल्यावर कुणी काही विचारायचं नाही. कुठे गेलीस नाही, कसं वाटलं नाही. काहीच नाही."

मान्य केलं. त्याला आता दहा दिवस झाले. घड्याळ उतरवलं, वही कपाटाच्या वर गेली. गोळ्या चालू आहेत, दर गुरुवारचं बोलणंही. मला ठाऊक आहे ते एवढंच: पहिले दोन दिवस गेली. मग तीन दिवस उठलीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून होती. सहाव्या दिवशी दुपारी उठून टोस्ट खाल्ला आणि बाहेर गेली. सासूबाई रोज फोन करतात आणि मी रोज सांगतो, "माहिती उपलब्ध नाही."

काल, शनिवारी, ती दोन वाजता गेली ती साडेचारला आली. अडीच तास! हा तर विक्रम! मी जीभ दातांमध्ये धरून स्वयंपाकघरात उभा होतो. ती माझ्या शेजारून चहा टाकायला गेली आणि पाठमोरी झाली. कोटाच्या पाठीवर दोन आडवे हिरवे पट्टे होते. ताजा रंग. बाकाचा.

म्हणजे ती चाललीच नव्हती! कुठल्या तरी बागेत, नुकत्याच रंगवलेल्या बाकावर, अडीच तास नुसती बसली होती. कुठली बाग? एकटीच? कशाकडे बघत? बरं वाटलं म्हणून एवढा वेळ बसली, की उठवेना म्हणून? पट्टे तिला ठाऊक आहेत का? करारानुसार यातलं काहीही विचारता येत नाही.

तिनं दोन कप चहा केला. एक माझ्यापुढे ठेवला. "काय बघतोस?" म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो.

आज रविवार. तीन वाजून वीस मिनिटांनी ती पुन्हा गेली, तोच कोट घालून. आता पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. अद्याप परतलेली नाही. मी खिडकीत उभा नाही. खिडकीपासून हातभर मागे उभा आहे.