कडलग नानांचं वाफेचं पाणी

कडलग नानांना प्यायला पाणी दिलं की ते लगेच पीत नाहीत. स्टीलचा पेला असेल तर आधी "काचेचा हाय का?" असं विचारतात. काचेचा मिळाला की तो उजेडाकडे धरतात, नाकाशी नेतात, मग एक घोट तोंडात इकडून तिकडे फिरवतात. यजमानाला घाम फुटेपर्यंत थांबतात आणि मग निकाल देतात, "पाणी चांगलं हाय. पण टाकी गेल्या दिवाळीपासून धुतलेली नाय."

आणि ती धुतलेली नसतेच.

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आमच्या दारासमोर आहे. मूळचे निफाडकडचे. जन्म नोकरीत गेला तो शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत, बाटल्या भरण्यात आणि नमुने तपासण्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण खातं त्यांनी कुणाच्या ताब्यात दिलेलं नाही. "मास्तर, पाणी आपलं खातं हाय," असं ते मला आठवड्यातून चारदा सांगतात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी मास्तर. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीला आम्ही मुलाकडे गेलो तेव्हा नाना आमच्या बाजूचे वडीलधारे म्हणून आले होते. मुलाचा पगार, घर, स्वभाव यांतलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पाण्याचा घोट घेतला आणि भर बैठकीत म्हणाले, "माणसं चांगली हायेत. फिल्टरची कांडी तेवढी बदला." व्याह्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलली. लग्न झालं.

नानांचा दुसरा गुण म्हणजे झोप. ती कुठेही लागायची. न्हाव्याच्या खुर्चीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर एका घरी सांत्वनाला गेलो असताना. घरच्यांचं रडणं थांबलं आणि नानांचं घोरणं तेवढं राहिलं. मी कोपराने ढोसलं तर दचकून म्हणाले, "झोपलो नव्हतो. डोळ्यांना आराम देत होतो." रात्री तर त्यांच्या घोरण्याने आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, असं माझी बायको सांगायची. मला ते खोटं वाटायचं, कारण आमचं कॅलेंडर त्यांच्या बाजूच्या भिंतीवर नव्हतंच. पण आवाज यायचा, हे खरं.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला नाना आणि मी त्यांच्या स्कूटरवरून निफाडला गेलो, त्यांच्या धाकट्या भावाकडे. दुपारी जेवून परत निघालो. रस्ता सरळ, ऊन कोवळं, वाहनं कमी. नाना चालवत होते, मी मागे. मी त्यांना काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. तेवढ्यात स्कूटर अगदी सावकाश, कुणी हाताला धरून नेल्यासारखी डाव्या बाजूला वळली, रस्ता सोडून उतरली आणि कांद्याच्या शेतात जाऊन आडवी झाली.

आम्ही दोघं चिखलात बसलो होतो. नानांनी डोळे उघडले, मूठभर माती उचलून बोटांनी चोळली आणि म्हणाले, "कालच पाणी भरलंय याला."

मग त्यांचं लक्ष माझ्या कोपराकडे गेलं. बाही फाटून रक्त येत होतं. फार नव्हतं. शेतकरी धावत आला, त्याने हात देऊन उठवलं, हातपाय धुवायला पाणी दिलं. नानांनी ते पाणी उजेडाकडे धरलं नाही, की त्याचा वास घेतला नाही. येताना स्कूटर मी चालवली. नाना मागे बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे. "मास्तर, डॉक्टरकडं चला. मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी होती. मागं तुम्ही बसला होता."

तपासणी झाली. रात्रभर अंगाला वायरी लावून झोपवलं. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवून समजावलं, की झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, एकदा नाही तर तासाला तीसचाळीस वेळा. त्यामुळे झोप अशी होतच नाही आणि दिवसा डोळे मिटतात. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला तर एकदाबी थांबल्याचं आठवत नाय."

मग मशीन आलं. साधारण टोस्टरएवढं. त्यातून हवा येते, ती नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये जाते आणि घसा उघडा ठेवते. नुसत्या हवेने नाक कोरडं पडू नये म्हणून शेजारी पाण्याची पारदर्शक डबी. मशीन ते पाणी गरम करतं, त्याची वाफ हवेत मिसळते. शिकवायला पूजा नावाची मुलगी आली होती. मशीनचं नाव, बटणं, पट्टे यांत नानांना रस नव्हता. डबी दिसली आणि ते खुर्ची ओढून पुढे सरकले.

"पोरी, पाणी कोणतं घालायचं?"

"डिस्टिल्ड वॉटर, काका. मेडिकलमध्ये मिळतं."

"नळाचं?"

"नळाचं नको."

नानांनी डबी उचलून उजेडाकडे धरली. "तेहेतीस वर्षं मी या गावाला पाणी पाजलं. लहान लेकरं पिऊन मोठी झाली. या डबीला चालत नाय?"

पूजा हसली, पण ठाम राहिली. मग तिने मास्क चढवून दाखवला आणि सांगितलं, "काका, एक लक्षात ठेवा. मास्क लावला की तोंड बंद. तोंड उघडलं की सगळी हवा तिथून निघून जाते."

दारात नानांच्या पत्नी, नानी, उभ्या होत्या. त्या तिला म्हणाल्या, "बाई, हे आधी का नाही आणलंत?"

पहिला आठवडा वाईट गेला. नानांना मास्क लावल्यावरच सगळं बोलायचं आठवायचं. तोंड उघडलं की शब्दाऐवजी वारा बाहेर यायचा. ते चिडून मास्क काढायचे, बोलायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा आठवायचं. सकाळी गालांवर पट्ट्यांचे वळ घेऊन बाहेर पडायचे. निफाडचा भाऊ भेटायला आला, त्याने खुंटीवर टांगलेला मास्क बघितला आणि द्राक्षबागायतदाराच्या काळजीने विचारलं, "दादा, गॅलरीत कसली फवारणी करतो?"

त्यात पाण्याचा हट्ट. नाना डबीत नळाचंच पाणी घालत होते. आठ दिवसांनी डबीच्या तळाशी पांढरी साय धरली. नाना डबी घेऊन आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"क्षार," ते म्हणाले. घरातल्या माणसाने चोरी केल्यावर सांगावं, तसं हळू. दोन मिनिटं बसले आणि मग ताडकन उठले. "हे आपलं पाणी नाय, मास्तर! आपल्या पाण्यात एवढा क्षार नाय. सोसायटीनं बोअरचं मिसळलंय!"

रविवारी मीटिंगमध्ये नानांनी ती डबी टेबलावर ठेवली. सेक्रेटरींना वाटलं, प्रसाद आहे. नानांनी पंधरा मिनिटं भाषण केलं आणि जागेपणी केलं, हे विशेष. शेवटी सेक्रेटरींनी कबूल केलं, की मोटर बिघडली होती तेव्हापासून बोअरचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला आहे. व्हॉल्व्ह बंद झाला, दोन्ही टाक्या धुतल्या गेल्या. आमच्या घरी त्या आठवड्यापासून डाळ एक शिट्टी कमी घेऊन शिजते, आणि बायको रोज कुकर उतरवताना नानांचं नाव घेते. त्यानंतर मात्र नाना मुकाट्याने मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटरची बाटली घेऊन आले. "प्यायचं पाणी वेगळं, वाफेचं पाणी वेगळं," असं त्यांनी मला समजावलं, जणू मीच इतके दिवस भांडत होतो.

पुढची अडचण थंडीची. जानेवारीत गारठा वाढला. नाना निफाडचे, थंडीतही खिडकी सताड उघडी. नळी गार पडायची, आतल्या वाफेचं पाणी व्हायचं आणि पहाटे गुळगुळ करत थेट नाकात. "मास्तर, आज बुडालो," अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची. पूजाने फोनवर सांगितलं, की खिडकी लावा किंवा वाफ एक नंबरने कमी करा. वाफ कमी केली की नाक कोरडं, जास्त केली की पूर. एक, दोन, तीन, चार, पुन्हा दोन. नाना रोजच्या नोंदी वहीत लिहू लागले: बाहेर थंडी किती, वाफ किती नंबरवर, पाणी किती उरलं, नाकाची हालत. शेवटी नानींनीच तोडगा काढला. जुन्या लुगड्याचे दोन पदर घेऊन, आत कापूस घालून त्यांनी नळीला गोधडीचं कव्हर शिवलं. सहा फूट लांब, हिरव्या-जांभळ्या ठिगळांचं, टाके अगदी बारीक. त्या रात्रीपासून पूर बंद झाला. पूजा पुन्हा आली तेव्हा तिने त्या नळीचा फोटो काढून नेला.

माझ्या ओळखीतल्या दोघांनी असंच मशीन घेऊन महिन्याभरात माळ्यावर टाकलं आहे. नानांचंही तेच होणार, अशी माझी खात्री होती. हा माणूस चष्मासुद्धा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त घालतो. पण नाना चिकटून राहिले. रोज सकाळी डबी धुऊन उलटी ठेवायची, रविवारी नळी साबणाच्या पाण्यातून काढून वाळत घालायची, यात खाडा नाही. दिवसाची झोप गेली. मीटिंगमध्ये ते आता जागे असतात, हे काही सभासदांना जडच जातं. भावाच्या बागेची पहिली द्राक्षं आली तेव्हा त्यांनी तीन पेट्या बांधल्या. एक डॉक्टरीणबाईंना, एक पूजाला, आणि तिसरी घेऊन आम्ही त्या कांद्याच्या शेतकऱ्याकडे गेलो. या वेळी चालवत नाना होते, आणि मी न घाबरता मागे बसलो होतो. शेतकऱ्याला आधी काही उमगेना. मग म्हणाला, "माझ्या वावरात पडल्याबद्दल द्राक्षं देणारे तुम्ही पहिलेच."

पण एवढा हट्टी माणूस या कटकटीपुढे कसा नमला, ते मला कळत नव्हतं. ते कळलं द्राक्षांच्या त्याच महिन्यातल्या एका रविवारी.

सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो. बेल वाजली नाही, बटण बंद होतं. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं तर नाना स्वयंपाकघरातून बोट ओठांवर ठेवून बाहेर आले. जिन्यात उभं राहून तळमजल्याच्या दूधवाल्याशी बोलणारा हा माणूस मला खुणेनेच आत बोलवत होता. ओट्यावर चहा उकळत होता. नानांना चहा करताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"नानींना बरं नाही का?" मी हळूच विचारलं.

"झोपलीय."

"अजून?"

त्यांनी गॅस बारीक केला. मग माझ्याकडे न बघता, कुजबुजत बोलू लागले.

"मशीन नीट चालाया लागलं ना, तव्हा एक दिवस मला आपोआप जाग आली. उजाडलं होतं. बाजूला बघितलं तर ही झोपलेली. मी घाबरलो."

"घाबरलात?"

"मग? लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, मास्तर. मी हिला झोपलेलं कधी बघितलंच नव्हतं. मी आडवा व्हायचो तव्हा ही जागी, उठायचो तव्हा ही चुलीपाशी. मला वाटायचं, हिला झोप कमी लागते. असतात काही माणसं तशी. मग विचारलं तिला. तर म्हणते, रात्री तुमचा श्वास थांबायचा. थांबला की मी खांद्याला हलवायची, मग परत चालू व्हायचा. एवढंच म्हणाली आन पीठ मळाया लागली."

चहा वर आला. त्यांनी गॅस बंद केला.

"आन मी काय करायचो? खेकसायचो तिच्यावर. 'झोपू दे की बाई' म्हणायचो. सकाळी मला आठवतबी नसायचं. तिनं कधी बोलून नाय दाखवलं."

"किती वर्षं चाललं होतं हे?"

"ते नाय विचारलं." नाना गाळणी शोधत होते, ती त्यांच्या समोरच होती. "भीती वाटली."

मी गाळणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन कप भरले.

"एका कुशीवर झोपते ती. हात उशीखाली घालून," ते म्हणाले. "हे मला आत्ता कळतंय."

चहात साखर घालायची राहिली होती. नानांनी दोन्ही कपांत वरून एकेक चमचा टाकली. मी ढवळायला चमचा उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"वाजंल."

मग आम्ही दोघांनी तो अगोड चहा तसाच घेतला, साखर तळाशी ठेवून. मध्येच नाना उठले, अनवाणी पावलांनी आतल्या दारापाशी जाऊन आले.

"अजून झोपलीय," ते म्हणाले, आणि असे काही हसले, की मला माझ्या कपात बघत बसावं लागलं.