चढलेला चहा

कुंताबाईंनी दुपारी सवयीनं दोन कप चहा मांडला आणि दोन्ही कप स्वतःच प्याल्या. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या त्या घरात आता दुसरं माणूस नव्हतं. नवरा गेल्याला काही वर्षं झाली होती आणि मुलगा अनुप गोव्यात, जिन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होता.

जिन म्हणजे दारूच. पण तिची सगळी शान तिच्यात घातलेल्या वासाच्या वस्तूंत असते. ज्युनिपर नावाच्या झुडपाची निळसर काळी फळं, मिऱ्यापेक्षा थोडी मोठी. शिवाय धने, संत्र्याची वाळलेली साल, गवती चहा, वेलदोडे. कुठली वस्तू किती घालायची हे ठरवणं, एवढंच अनुपचं काम. पण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणून कुंताबाई शेजारणींना सांगत, पोरगा अत्तराच्या धंद्यात आहे.

दिवाळीला अनुप आला आणि जाताना या वस्तूंचा एक डबा विसरला. “राहू दे आई, मी येऊन नेईन,” असं तो फोनवर म्हणाला होता. कुंताबाई तो डबा रोज पुसत. डबा घरात आहे तोवर पोराला एकदा तरी यावंच लागणार होतं.

त्या गुरुवारी भजनाची पाळी त्यांच्याकडे होती. ज्या घरी भजन, त्या घरचा चहा, असा कॉलनीतला रिवाज. चहा बरा नसला तर कोणी तोंडावर बोलत नसे. पण त्या घराची पुढची पाळी गुपचूप गळून जाई. एरवी या घराची पायरी कोणी चढत नव्हतं, त्यामुळे कुंताबाईंना पाळी गमवायची नव्हती. आणि नेमकं आरती चालू असताना दूध नासलं.

बायकांनी टाळ पिशवीत भरायला घेतले. दुकानात जाऊन येईस्तोवर घर रिकामं झालं असतं. बिनदुधाच्या चहाला निदान वास तरी यावा म्हणून कुंताबाईंनी डबा उघडला. चिमूटभरच घेऊ म्हणाल्या. पण पातेलं मोठं, वास येईना. मग मूठभर. मग फळं ठेचून पाहिली, तेव्हा कुठे घमघमाट सुटला, आणि तोवर डब्याचा तळ दिसू लागला होता.

काळा चहा सगळ्यांना फार आवडला. शेजारच्या सरितानं दुसऱ्यांदा मागितला. तेवढ्यात अनुपचा व्हिडिओ कॉल आला. भरलेलं घर दाखवावं म्हणून कुंताबाईंनी फोन कौतुकानं चौफेर फिरवला, आणि गाळणीतली फळं अनुपला दिसली.

“आई, हे तर जिनचं सामान होतं,” तो म्हणाला. कुंताबाईंना कमी ऐकू येत असल्यानं फोनचा आवाज कायम मोठा असे.

“जिन म्हंजे काय जी?” कोणीतरी विचारलं.

“दारू,” सरिता म्हणाली आणि कप खाली ठेवला.

सगळ्यांच्या नजरा भजनातल्या सर्वांत म्हाताऱ्या धुरपताबाईंकडे गेल्या. वडनेर गावी असताना त्यांनी दारूबंदीसाठी हातभट्टीची मडकी फोडली होती. त्यांचाही कप रिकामा होता.

कुंताबाई फोन घेऊन स्वयंपाकघरात पळाल्या, दार लावून घेतलं आणि आवाज कमी करून फोन कानाला लावला. अनुप हसत होता. तो नुसता मसाला आहे, दारूचा थेंब नाही, बायकांना सांगून टाक, असं त्यानं समजावलं. डबा संपला म्हणून कुंताबाई रडकुंडीला आल्या, तर तो म्हणाला, “जाऊ दे ना आई. मी दुसरं सामान कधीच मागवलं. आता डब्यासाठी यायची गरज नाई. होळीले पाहू.”

कुंताबाईंनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं.

बाहेर आल्या तेव्हा सरिता भिंतीला धरून बसली होती. “ताई, मले गरगरून राह्यलं,” ती म्हणाली. दुसरीला हसू आवरत नव्हतं. तिसरीला अशा अवस्थेत सासऱ्यासमोर कसं जायचं ही काळजी. काय म्हणाला अनुप, असं सगळ्यांनी एकदम विचारलं.

कुंताबाईंनी दाराजवळच्या चपलांकडे पाहिलं.

“उतराले येळ लागते म्हणे,” त्या म्हणाल्या. “बसा.”

मग सगळ्या बसल्या. सरितानं लग्नाआधीचं एक गाणं म्हटलं. सासऱ्याची काळजी करणारीनं सासऱ्याची नक्कल केली. उतारा म्हणून कुंताबाईंनी पोहे केले, तेही संपले. दिवे लागले तशी एकेक उठली, आणि सरळ रेषेत चालता येतं का हे अंगणात तपासून घरी गेली.

धुरपताबाई मागे राहिल्या.

“कुंते, मी जल्मभर पिणाऱ्याचा संसार केला,” त्या म्हणाल्या. “चढलेलं माणूस मले वळखू येत नाई काय?”

कुंताबाईंनी मान खाली घातली. “मंग तुमी काऊन थांबल्या, माय?”

धुरपताबाईंनी चपलेत पाय घालायला बराच वेळ लावला.

“माह्या तरी घरी कोन हाय?” त्या म्हणाल्या. “डब्यात काई उरलं काय?”

“काईच नाई.”

“मंग पुढच्या गुरुवारी नुसते धने अन् संत्र्याची साल टाकजो. चढायचं मी पाह्यतो.”