अजमानचा टॅक्स, अल ऐनचा खिळा

“टॅक्स चुकवणाऱ्याचं तोंड तुस्कानोंच्या घरात आरशातसुद्धा दिसायचं नाही!” असं जोकिम तुस्कानो छाती काढून सांगे. छातीच्या चार बोटं पुढं पोट होतं, तरी छाती दिसे!

साल अठ्ठ्याण्णव. जूनअखेर कंपनीनं त्याला अजमानहून अबुधाबीच्या हद्दीत, अल ऐनला हलवलं. तिथला अमेरिकन साहेब एकदा चहा पिताना म्हणाला, “आमच्याकडं वर्षाच्या मध्येच राज्य बदललं, की दोन्ही राज्यांत टॅक्स भरावा लागतो.” जोकिमनं कपाळावर हात मारला. इथं तर सात अमिराती! म्हणजे अर्धं वर्ष अजमानचं, अर्धं इथलं!

“हबीबी, इधर टॅक्सच नहीं है,” ऑफिसातला अजीज म्हणाला.

“आमच्या वसईतपण निम्मं गाव हेच सांगतं!” जोकिम म्हणाला.

त्यात बायकोचा, म्हणजे सेलिनचा, भाऊ कार्ल वसईहून पाहुणा आलेला. भर जेवणात म्हणाला, “भावजी, तुम्ही गल्फवाले म्हणजे सरकारच्या हातावर तुरी देऊन पळालेली माणसं!”

सेलिननं भावाच्या ताटात भाताचा डोंगर केला, पण घाव बसायचा तो बसलाच.

“उद्या चल अजमानला,” जोकिम म्हणाला. “शिक्क्याची पावती बघ, मग बोल!”

दुसऱ्या दिवशी, भट्टीसारख्या उन्हात, लग्नातला सूट घालून जोकिम अजमानच्या सरकारी ऑफिसात शिरला. घाईत गाडी अगदी दाराशीच लावली. मागून कार्ल.

“टॅक्स भरना है,” त्यानं खिडकीतल्या कारकुनाला, गनीला, ऐटीत सांगितलं.

“कौनसा टॅक्स?”

“मेरा!”

गनी घाबरून मोठ्या साहेबांना घेऊन आला. “तुमसे टॅक्स किसने माँगा?” साहेब गरजले. “नाम बोलो! अभी पकडता हूँ!”

“किसीने नहीं माँगा. मैं अपनी खुशी से देता हूँ,” म्हणत जोकिमनं नोटांचं जाडजूड पाकीट पुढं सरकवलं.

साहेबांनी पाकिटाकडं पाहिलं. मग जोकिमकडं. मग गनीला म्हणाले, “दरवाजा बंद कर.”

सरकारी ऑफिस, बंद पाकीट, आणि खुशी! जोकिमचा सूट आतून भिजला. तेवढ्यात कार्लच पुढं झाला. “साब, रिश्वत नहीं! ये मेरा जीजा है. टॅक्स नहीं भरा तो इसको नींद नहीं आती. पूरी वसई में ऐसा दूसरा नहीं मिलेगा!”

साहेब हसता हसता खुर्चीत कोसळले. अरबी कॉफीचा काहवा आला, खजूर आला. पाकीट तेवढं परत आलं. “खलास, घर जाओ!”

बाहेर गाडीच्या काचेवर दंडाची चिठ्ठी फडफडत होती. गाडी साहेबांच्याच जागेवर उभी होती!

“शंभर दिरहॅम!” कार्ल ओरडला. “म्हणजे अकराशे रुपये!”

पण जोकिमचा चेहरा उजळला होता. तसाच उलटा आत गेला, दंड भरला आणि शिक्क्याची पावती बाळासारखी छातीशी धरून बाहेर आला.

“भावजी, मी शब्द मागं घेतो,” कार्ल म्हणाला.

घरी पावतीला फ्रेम झाली. लेक जॅकलीन म्हणाली, “डॅडा, इट्स अ पार्किंग टिकेट!”

“सरकारनं घेतले ना पैसे? मग झालं!”

शेजारी त्यानं दुसरा खिळाही ठोकला, अल ऐनसाठी. पण नियम मोडायला हात धजेल तर ना! पुढं आयुष्यभर तो अल ऐनमध्ये इतकी नेमकी गाडी लावत राहिला, की तो खिळा शेवटपर्यंत रिकामाच राहिला.