उन्हात वाढणारं पाणी

"मॅडम, पानी वाढून राह्यलं!"

उज्माने कॅमेरा पुढे केला आणि प्रियदर्शनी मॅडमच्या हातातला खडू गळून पडला. हिवरखेडच्या शाळेत बाष्पीभवन शिकवायला त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर, एप्रिलच्या उन्हात, स्टीलच्या भांड्यात पाणी ठेवलं होतं. आतून मार्करने रेघ मारलेली. दर घंटेला एकाने जवळून फोटो घ्यायचा आणि शेवटी फोटो पाहून निष्कर्ष लिहायचा, गुण त्यावरच. पहिल्या फोटोत पाणी रेघेला टेकलेलं होतं, दुसऱ्यात थोडं खाली. तिसऱ्यात रेघेच्या बोटभर वर! चौथ्यात काठोकाठ.

सगळ्या वर्गाचा निष्कर्ष एकच: उन्हात ठेवल्यास पाणी वाढते.

"अरे, असं होऊच शकत नाही!"

"पन फोटो हायेत ना, मॅडम," इमाद म्हणाला. "तुमीच म्हनलं होतं, पुस्तकापेक्षा डोयाले दिसते ते खरं."

द्रव्य अक्षय्यतेचा नियम असा भरवर्गात मोडलेला पाहून एमएस्सी झालेल्या मॅडमना दरदरून घाम फुटला. त्यात उद्या केंद्रप्रमुख गजेंद्र साहेब येणार होते. अकोल्याच्या कार्यालयातून आलेल्या कॅमेऱ्याने मुलं खरंच शिकतात का हे पाहून तो शाळेकडे ठेवायचा की परत न्यायचा, हे तेच ठरवणार होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी भांडं पुन्हा रेघेपर्यंत भरलं आणि कॅमेरा खिडकीत असा बसवला, की मिनिटामिनिटाला सगळ्या व्हरांड्याचा फोटो आपोआप निघावा.

दुपारी साहेबांनी कालच्या वह्या चाळल्या आणि चष्माच काढून ठेवला. "उन्हात पानी वाढते? बाई, हे विज्ञान हाय का जादूचा खेय? पोरं बिघडवून राहिल्या तुमी! कॅमेरा परत द्या."

"सर, फक्त आजचे फोटो बघा," म्हणत मॅडमनी ते भिंतीवर दाखवायला सुरुवात केली.

पाणी हळूहळू उतरत होतं. मॅडमचा जीव भांड्यात पडला. तोच पुढच्या फोटोत खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई त्या भांड्यात तांब्या रिकामा करताना दिसल्या.

"चतुराबाई!"

"मंग? भांडं सुकून राह्यलं होतं," चतुराबाई दारातूनच म्हणाल्या. "पाखराइनं काय प्याचं? काल बी म्याच भरलं."

त्यानंतरच्या एका फोटोत मुख्याध्यापक शालिकराम सर, हातात पेला.

"मले वाटलं, चतुराबाई पाखराइले पानी ठेवाले विसरली," सर पुटपुटले.

साहेब उसळले. "मुख्याध्यापकच प्रयोगाची वाट लावून राहिले! इतके शिकले-सवरले तुमी, पानी ओतायच्या आंधी इचारता येत नाही? मॅडम, पुढचे दाखवा. अजून कोन कोन हाय, पाहू द्या मले!"

मॅडमनी पुढचा फोटो लावला.

फाटकातून नुकतेच आत आलेले गजेंद्र साहेब आपली बाटली भांड्यात पालथी करत होते.

शालिकराम सर छताकडे पाहू लागले. उज्माने हात वर केला.

"सर, निष्कर्ष बदलू का?"

"काय... काय लिवशील?"

"उन्हात पानी कमीच होते. पन आपल्या इकडचे लोकं होऊ देत नाहीत."

साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

"कॅमेरा राहू द्या शाळेत," ते हळूच म्हणाले. "हा फोटो तेवढा अकोल्याले नोका पाठवू."